सात नंबरच्या खुंटीची शेळी

त्या बुधवारी सकाळी टेकडीवर पोचले, तर माझ्या सात नंबरच्या खुंटीला शेळी बांधलेली. पांढरी, एका कानावर काळा ठिपका, आणि तोरा असा की खुंटी तिच्या माहेरची आहे आणि मीच आगंतुक.

“दस्तगीरमामा, आधी तिला सोडा.”

“मी नाही सोडणार, मॅडम. गेल्या महिन्यात ढुशी खाल्लीय मी,” दस्तगीरमामा म्हणाले. त्यांच्या एका खांद्यावर मापाची उंच पट्टी, दुसऱ्यावर दुर्बिणीची तिवई. चुन्याची पिशवी त्यांनी चढावर अर्ध्यातच टाकून दिली होती.

“बायाक्का! ओ बायाक्का!” मी ओरडले.

ती तिथेच गवतात बसली होती. मी दर महिन्याच्या दहा तारखेला यायचे, आणि दर दहा तारखेला शेळी सात नंबरला. बाकीचे दिवस ती कुठे चरायची देव जाणे. बायाक्का पदर झटकत उठली. साठीच्या पुढची, काटकुळी, आणि हसली की पुढचा एकुलता एक दात आधी दिसायचा.

“आलीस व्हय, मॅडम? म्हनलं आज ईतीस का न्हाई.”

“आक्का, किती वेळा सांगितलं? ही मोजमापाची खुंटी आहे. शेळी ओढते, खुंटी हलते, आकडे बिघडतात.”

“मग दुसऱ्या खुंटीला बांदू? ती चार नंबरची हाय की मोकळी.”

“कुठल्याच नको!”

“मग हीच बरी,” ती म्हणाली, आणि शेळीच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी मास्तरीणबाई उत्तराची वाट बघते. मला प्रश्नच कळला नव्हता, तर उत्तर काय देणार? मी स्वतः दोर सोडला, शेळीने माझ्या ओढणीचं टोक खाल्लं, आणि आमचं भांडण रीतीप्रमाणे संपलं.

आज माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत. नवा मुलगा किंवा मुलगी कामाला लागली की मी त्यांना ही गोष्ट सांगते, पण थोडी कापून सांगते. माझ्या अब्रूला बरं पडतं म्हणून. इथे मात्र अख्खी सांगते.

टेकडी म्हणजे खरी टेकडी नव्हे. शेरेगावचा तीस वर्षांचा कचरा तिथे पडत आला होता. मी तिथे लागायच्या तीन वर्षं आधी नगरपालिकेने डेपो बंद केला, ढीग सारखा करून दाबला, वर मुरूम घातला, मुरमावर जाड काळं प्लास्टिक अंथरलं, त्यावर दोन फूट माती आणि मातीवर गवत. मधूनमधून आतला वायू बाहेर जायला पाइप उभे केले. लांबून बघितलं तर सहलीला जावंसं वाटेल.

पण आतला कचरा काही गप्प बसत नाही. तो कुजतो, आकसतो, आणि वरची जमीन हळूहळू खाली घेऊन जातो. सगळीकडून सारखी खाली गेली तर कुणाचं काही बिघडत नाही. पण एकीकडे सडकी भाजी, दुसरीकडे विटांचे तुकडे, तिसरीकडे गाद्या. एक जागा खचते, शेजारची जागा हलत नाही, मधली माती भेगाळते आणि खालचं प्लास्टिक ताण बसून फाटतं. मग वरचं पाणी आत शिरतं आणि आतली घाण पायथ्याशी बाहेर पडते. म्हणून तेरा लोखंडी खुंट्या पुरल्या होत्या, आणि दर महिन्याला कुठली खुंटी किती खाली गेली हे मोजायला सांगलीच्या आमच्या एजन्सीने मला नेमलं होतं. मी, वैजयंती शेटे, वय चोवीस, डिप्लोमा नुकताच हातात आलेला, आणि दुर्बिणीतून बघताना एक डोळा मिटायची अशी काही ऐट की बघणाऱ्याला वाटावं मी तोफ डागते आहे.

मोजायचं तर एक न हलणारी जागा लागते. तिच्यापासून सगळं मोजायचं. नकाशात ती जागा ओढ्यावरच्या पुलाच्या काळ्या दगडात दाखवली होती. पूल अर्धा किलोमीटर लांब. तिथपासून टेकडीपर्यंत मोजत यायचं म्हणजे उन्हात पाच ठिकाणी तिवई मांडा, पाच ठिकाणी उचला. पहिल्या महिन्यात मी ते एकदा केलं. मग फाटकाजवळच्या चौकीसमोर मला नवा कोरा सिमेंटचा कट्टा दिसला. कुंपणाच्या बाहेर, पक्का, सावलीत. मी त्याची उंची पुलापासून एकदा लिहून घेतली, त्याच्यावर लाल रंगाने फुली मारली आणि पुलाला रामराम ठोकला. फुली मारत असताना कुणीतरी म्हातारी हातवारे करत, काहीतरी बोलत माझ्या दुर्बिणीसमोर आली होती. तिला मी हातानेच बाजूला सारलं.

दहा महिने मी त्या कट्ट्यापासून टेकडी मोजली. आकडे असे छान आले की माझाच मला अभिमान वाटावा. कुठली खुंटी एखादा सेंटिमीटर खाली, कुठली जराशी वर, एकूणात टेकडी जागच्या जागी. फक्त सात नंबर विचित्र वागायची. ती दर महिन्याला पाच-सहा मिलिमीटर वर यायची.

“मॅडम, टेकडी वाढतीय व्हय?” दस्तगीरमामांनी एकदा विचारलं होतं.

“शेळी ओढते ना, म्हणून खुंटी उपटून वर येते.”

“शेळी हाय का क्रेन?”

मी त्यांना गप्प केलं आणि अहवालात लिहिलं, ‘खुंटी क्र. ७ शेळीमुळे विश्वासार्ह नाही, सबब वगळली.’ खाली निष्कर्ष लिहिला, ‘टेकडी स्थिर झाली आहे.’ सही केली. सही अगदी वळणदार.

त्या एका वाक्याची नगराध्यक्ष मगदूमअण्णा वाटच बघत होते. त्यांना टेकडीवर सभागृह बांधायचं होतं. पायथ्यापासून दिसेल असं, वर स्वतःच्या वडलांचं नाव असलेलं. खांबांचे खड्डे माती, प्लास्टिक, मुरूम असं सगळं भेदून आत जाणार होते, पण टेकडी हलतच नाही म्हटल्यावर आडवं कोण येणार? भूमिपूजन गुरुवारी होतं. बुधवारी मी शेवटची मापं घ्यायला आणि सभागृहाचे कोपरे चुन्याने आखायला आले होते.

चार कोपऱ्यांपैकी एक बरोबर सात नंबरजवळ येत होता. मी चुना टाकत होते आणि बायाक्का माझ्या मागून रेघेच्या कडेकडेने चालत होती.

“हितं खांदनार?”

“हो. उद्या अण्णा पहिली कुदळ मारतील.”

“किती खोल?”

“चांगलं खोल, आक्का. सभागृह आहे, मांडव नाही.”

एरवी ती काहीतरी टोमणा मारायची. त्या दिवशी तिने खाली पायथ्याच्या वस्तीकडे बघितलं. मग म्हणाली, “जेवाय खाली चौकीत जाशील न्हवं? मी पानी घिऊन येते.” आणि शेळीला न घेताच उतारावरून निघून गेली.

चौकीत गेलो तर दार अर्ध्यात अडकलं. दस्तगीरमामांनी खांदा लावून ढकललं. हे दार चौकटीत घासायचं म्हणून त्यांनी ते वर्षभरात तीनदा रंधून घेतलं होतं. पावसाने लाकूड फुगलं, असं आम्ही पावसाळ्यात म्हणालो. हिवाळ्यात काय म्हणालो ते आठवत नाही.

बायाक्का तांब्या घेऊन आली. पितळी, घासून लखलखीत केलेला.

“बाहीर ये. कट्ट्यावर बसून पी.”

मी कट्ट्यावर बसले. तिने माझ्या लाल फुलीवर पेला ठेवला आणि काठोकाठ पाणी ओतत गेली. एका बाजूने पाणी सांडून वाहायला लागलं, आणि दुसऱ्या बाजूला पेल्याचा काठ बोटभर कोरडाच होता.

“बघ,” ती म्हणाली.

“काय बघू? पेला वाकडा आहे.”

तिने पेला फिरवला. पाणी पुन्हा ओढ्याच्याच बाजूला सांडलं.

“कट्टा बांधतानाच उतार दिला असेल.”

“बांदला तवा मी हितंच हुते. गवंड्यानं पान्याची नळी लावून सपाट केल्ता.” ती माझ्या शेजारी टेकली. “मॅडम, तू भिंगातनं लई लांबचं बघतीस. बुडाखाली बघ की जरा. ह्या चौकीच्या जागी भाजी मंडईच्या गाड्या वतायच्या. कुंपान नंतर आलं. कुंपानाला काय ठावं कचरा कुठवर हाय? मी पंचवीस वरसं हितं कचरा येचलाय. कुठं काय पुरलंय ते मला इचार. हितं मंडई. तकडं गाद्या. आनि तुजी ती सात नंबरची खुंटी हाय न्हवं, तिच्याखाली जुन्या एस्टी स्टँडाच्या भिंती हाईत. ती जागा कवाच हालायची न्हाई.”

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. सात नंबर वर येत नव्हती. कट्टा खाली चालला होता. ज्या जागेला मी अढळ धरून अख्खी टेकडी मोजली, तीच जागा टेकडीच्या बरोबरीने खचत होती, म्हणून मला टेकडी जागच्या जागी दिसत होती. तेरा खुंट्यांतली एकच खुंटी खरं बोलत होती आणि तिला मी शेळीचं निमित्त करून काढून टाकलं होतं.

पण चोवीस वर्षांच्या माणसाला इतकं एकदम मान्य होत नाही. “असं पेल्याने मोजत नाहीत, आक्का,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच किरटा वाटला.

“मग तुज्या भिंगानं मोज.” तिने पेला माझ्यासमोर धरला. “पर आदी ह्ये पी. आमच्या वस्तीच्या आडाचं हाय.”

पाणी स्वच्छ होतं. थंड आणि गोड.

“चार वरसामागं ह्येच पानी चहावानी काळं हुतं. टेकडीतनं झिरपायचं. आठ वरसं आमी बाया लांबनं घागरी आनायचो. अर्ज दिलं, कोन बघतंय? मग ह्ये मगदूमअण्णा मतं मागाय आलं. मी म्हनलं, बसा अण्णा, चहा घ्या. आडातलं पानी घिऊन फक्कड चहा केला.”

“आणि ते प्यायले?”

“चहाच तो, रंगावनं काय कळनार? निम्मा कप प्याले. मग मी सांगितलं पानी कुठलं ते.” तिचा एकुलता दात चमकला. “दोन दिस अंथरुनात हुतं म्हनं. निवडून आलं आनि पैलं काम ह्ये प्लास्टिकचं केलं. तवापासनं आड निवळला. आता तुमी वरनं खड्डं पाडनार, टेकडी खाली जानार, प्लास्टिक फाटनार. पुन्ना काळं पानी.”

दस्तगीरमामांनी न सांगता तिवई उचलली. आम्ही पुलावर गेलो. पाच ठिकाणी मांडली, पाच ठिकाणी उचलली. कट्टा अकरा महिन्यांत अठ्ठावन्न मिलिमीटर खचला होता.

“परत घेऊ?” दस्तगीरमामांनी हळूच विचारलं.

परत घेतलं. एकोणसाठ आले. मग टेकडीच्या खुंट्यांचं गणित नव्याने मांडलं. सात नंबर होती तिथेच होती. बाकीच्या बारा पाच ते आठ सेंटिमीटर खाली गेल्या होत्या. मी पुलाच्या कठड्यावर बसून रडले. दस्तगीरमामा विरुद्ध दिशेला तोंड करून ओढ्यातल्या म्हशी मोजत राहिले.

नगरअभियंता हेरवाडकरसाहेबांना तिथूनच फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “शेटेमॅडम, पत्रिका वाटून झाल्या आहेत. बुंदी पाडायला घेतली आहे. तुमची सही अहवालावर आहे, माझी तुमच्या सहीखाली आहे. पावसाळ्यानंतर बघू.”

“पण साहेब, तोवर खड्डे...”

“उद्या फक्त पांढरा ड्रेस घालून या. फोटो आहेत.”

वस्तीवर जाऊन मी बायाक्काला हे सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

“तू बोलशील का उद्या, समद्यांफुडं?”

“माझी नोकरी जाईल, आक्का.”

“बरं,” ती म्हणाली. ‘बरं’ इतकंच. मग सुपातला एक खडा उचलून बाहेर फेकला. “अण्णा काम सुरू करताना लिंबू ठेवत्यात न्हवं?”

ठेवायचे. अख्ख्या शेरेगावला ठाऊक होतं. गटार असो, मुतारी असो, नाहीतर व्यायामशाळा, अण्णा आधी खिशातून लिंबू काढायचे, जागेवर ठेवायचे आणि पाच आकडे मोजायचे. लिंबू हललं नाही तर काम तडीस जाणार. हललं तर तारीख पुढे. बसथांब्याचं काम त्यांनी ह्यापायी दोनदा लांबवलं होतं.

“मग झालं तर,” बायाक्का म्हणाली. “तू नगं बोलूस. लिंबू बोलंल.”

गुरुवारी सकाळी मी पांढरा ड्रेस घालून गेले, आणि पर्समध्ये नव्या आकड्यांचा कागद घडी घालून. तो का घेतला होता ते मलाही सांगता आलं नसतं. फाटकापाशी बघते तर कट्टा शेणाने सारवलेला, वर ठिपक्यांची रांगोळी, चारी कोपऱ्यांना झेंडूची फुलं. माझी लाल फुली रांगोळीच्या मधोमध. बाजूला बायाक्का हिरवं लुगडं नेसून, हात जोडून उभी.

अण्णांची गाडी आली. मागून हेरवाडकरसाहेब, वाजंत्री आणि शंभरेक माणसं. कट्टा बघून अण्णांचा चेहरा खुलला.

“कोणी केलं हे?”

“म्या, अण्णा. वस्तीच्या बायांकडनं. हितनंच मुहूर्त करा.”

अण्णांनी खिशातून लिंबू काढलं, कपाळाला लावलं आणि फुलीवर ठेवलं. वाजंत्री थांबली. लिंबू क्षणभर थबकलं, मग निवांत निघालं, रांगोळीतून ओढ्याच्या दिशेने गेलं आणि टप्पकन खाली पडलं.

अण्णांनी ते उचललं, पुसलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी दुसऱ्या खिशातलं लिंबू काढून बघितलं. तेही पहिल्याच्या वाटेने गेलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी तारीख बदला म्हणालं. बायाक्का आभाळाकडे बघत होती, तोंडावर भाव असा की हिला ह्यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही. मला इतकं हलकं वाटलं की हसू दाबताना दम लागला. लिंबू बोललं होतं आणि मी वाचले होते.

तेवढ्यात हेरवाडकरसाहेब पुढे आले. “अण्णा, कट्ट्याला उतार आहे, बाकी काही नाही. काम कुठे होणार? वर. लिंबू वर ठेवून बघा.”

अण्णा वर निघाले. गर्दी त्यांच्यामागे, आणि गर्दीमागे मी. अण्णा कुठे जाणार ते मला कळलं होतं. चुन्याचा पहिला कोपरा मीच आखला होता.

सात नंबरच्या खुंटीभोवती सिमेंटचा गोल वेढा होता. शेळी नव्हती. अण्णांनी लिंबू त्या वेढ्यावर ठेवलं.

“एक,” अण्णा म्हणाले. “दोन. तीन. चार. पाच.”

लिंबू जागचं हललं नाही. कसं हलणार? खाली एसटी स्टँड होता.

टाळ्या वाजल्या. वाजंत्री सुरू झाली. हेरवाडकरसाहेबांनी हळदकुंकू लावलेली कुदळ अण्णांच्या हातात दिली. मी वळून बायाक्काकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरची सगळी मस्करी उतरली होती. पहिल्यांदाच ती मला म्हातारी दिसली. ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली वस्तीकडे बघत होती, जिथे आडावर दोन बाया पाणी शेंदत होत्या.

“अण्णा, थांबा!”

हा आवाज माझा होता हे मला सगळ्यांनी वळून बघितल्यावर कळलं. कुदळ वरच राहिली.

“अण्णा, खालचं लिंबू बरोबर होतं,” मी म्हणाले. “माझा अहवाल चुकीचा आहे.”

“शेटेमॅडम,” हेरवाडकरसाहेब दातांवर दात ठेवून म्हणाले.

“टेकडी स्थिर नाही, अण्णा. मी ज्या कट्ट्यापासून मोजत होते तोच कचऱ्यावर बांधलाय. तो अठ्ठावन्न मिलिमीटर खचलाय. एकोणसाठ. सगळी टेकडी खचते आहे, फक्त ही एक जागा सोडून. तुमच्या सभागृहाचा हा कोपरा वर राहील, बाकीचे तीन खाली जातील. भिंती फाटतील, त्याआधी प्लास्टिक फाटेल. चूक माझी आहे. पुलावर जायचा कंटाळा केला मी.” आणि पर्समधला कागद पुढे केला.

अण्णांनी कागद उलटा धरून बघितला, मग सुलटा. “बाई, ह्यातलं मला काही कळत नाही. परवा तुम्ही स्थिर म्हणता, आज खचते म्हणता. उद्या काय, उडते म्हणाल?”

लोक हसले. हेरवाडकरसाहेब सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. अण्णांनी कागद माझ्या हातात परत दिला.

“अण्णा,” बायाक्का म्हणाली. ती गर्दीतून वाट काढत पुढे आली होती. “आकडं ऱ्हाऊ द्या. चहा ठेवू का?”

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. मग नीट बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर चार वर्षांपूर्वीचा तो अर्धा कप हळूहळू चढत गेला.

“आज पानी ब्येस हाय,” ती अगदी मायेने म्हणाली. “आजच घ्या. तुमी कुदळ मारा, मग एका वरसानं मी बोलवीन तवा चहा मागच्यासारखा हुईल. तुमी याचं न्हाईसा. पर मी बोलवनार. समद्या वस्तीला घिऊन घरला निमंत्रन द्याय यीन.”

वाजंत्रीवाल्यांपैकी एकाला ती गोष्ट माहीत असावी, त्याला ठसकाच लागला. अण्णांनी कुदळ सावकाश खाली घेतली आणि हेरवाडकरसाहेबांच्या हातात दिली.

“माझं लिंबू कधी चुकलंय का?” ते गर्दीकडे वळून गरजले. “खालच्या लिंबाने आधीच सांगितलं होतं! ह्या मॅडमच्या यंत्राला जे अकरा महिने कळलं नाही, ते माझ्या लिंबाला कळलं!” टाळ्या पुन्हा वाजल्या. बुंदी वाटली गेली. सभागृह पुढे तहसीलमागच्या मोकळ्या जागेत झालं, आणि तिथे लिंबू हललं की नाही ते मला माहीत नाही. मला पत्रिका नव्हती.

नोकरी गेली नाही, पण एजन्सीने माझी दुर्बीण काढून घेतली आणि सहा महिने मला ऑफिसात जुने नकाशे गिरवायला बसवलं. तेही बरं झालं. त्या सहा महिन्यांत मी प्रत्येक नकाशावर आधी न हलणारी जागा कुठे दाखवली आहे ते शोधायला शिकले.

त्या गुरुवारी सगळे गेल्यावर मी आणि बायाक्का टेकडीवर बसलो होतो. बुंदी संपली होती आणि शेळी द्रोण खात होती. मग कुठे मी तिला ते विचारलं.

“आक्का, दर दहा तारखेला शेळी ह्याच खुंटीला का बांधायचीस?”

तिने कपाळावर हात मारून घेतला. “अकरा म्हैनं! अकरा म्हैनं वाट बघितली ह्या सवालाची! आगं, पैल्या दिशी तू कट्ट्यावर लाल फुली मारलीस, तवाच मी पळत आल्ते सांगाय, हितनं नगं मोजू, खाली मंडई हाय म्हनून. तू काय म्हनलीस?”

मला आठवलं. हातवारे करणारी म्हातारी आठवली, आणि माझा हातही आठवला.

“बाजूला व्हा, भिंगात येताय,” मी पुटपुटले.

“तसंच. पालिकेत गेले तर त्यो साहेब म्हनाला, तू कचरा येचनारी, तुला काय कळतं? मग इचार केला, मी भिंगात आल्याली चालत न्हाई, तर शिळी यिऊ दे. तू भांडाय तरी येशील. भांडता भांडता कवातरी इचारशील, बाई, बारा खुंट्या सोडून हीच का? तर तू नुसतंच भांडलीस. लई भांडलीस, पर शानपनाचं एक वाक्य इचारलं न्हाईस.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून हसले, आणि हसता हसता पुन्हा रडले. तिने माझी ओढणी शेळीच्या तोंडातून काढली आणि त्याच टोकाने माझं तोंड पुसलं.

सहा महिन्यांनी दुर्बीण परत मिळाली आणि मी पहिली शेरेगावला गेले. पुलापासून सुरुवात केली. पाच ठिकाणी तिवई मांडली, पाच ठिकाणी उचलली. नवा अहवाल लिहिला. त्यात प्रत्येक खुंटीपुढे खरे आकडे होते, कुठे माती भरून उतार सारखा करायचा आणि कुठे प्लास्टिक तपासायचं तेही होतं. त्याच्या शेवटच्या रकान्यात, शेऱ्यांसाठी मोकळ्या असलेल्या जागेत, मी एक ओळ लिहिली. एजन्सीने ती खोडायला सांगितली, मी खोडली नाही. पालिकेच्या दप्तरात ती अजून असेल.

‘खुंटी क्र. ७. हालचाल शून्य. शेळी बांधण्यास योग्य.’